चाकांची खुर्ची, अनैच्छिक मूत्रप्रवृत्ती आणि परिचारकाचा शौचगुण

पक्षाघात, कंपवात, मज्जारज्जूचा आघात, वार्धक्यातील दौर्बल्य व स्मृतिभ्रंश या विकारांनी ग्रस्त रुग्ण मोठ्या अपेक्षेने आयुर्वेदाकडे येतात. आपणही त्यांना स्नेहन, स्वेदन, बस्ती, पथ्यापथ्य यांविषयी विस्ताराने सांगतो. परंतु यांतील बरेच रुग्ण दिवसाचे आठ-दहा तास ज्या चाकांच्या खुर्चीवर बसून काढतात, त्या खुर्चीची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मूत्रवेगावर किंवा मलवेगावर नियंत्रण नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही खुर्ची हेच त्याचे अंथरूण, हेच आसन आणि हेच घराबाहेर पडण्याचे साधन असते. ती अस्वच्छ राहिली तर उत्तम औषधयोजनाही अर्धी वाया जाते. म्हणून या दुर्लक्षित विषयाचा व्यावहारिक अंगाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. त्यांपैकी उपस्थाता म्हणजे परिचारक. त्याच्या चार गुणांत उपचारांचे ज्ञान, दक्षता व रुग्णाविषयी अनुराग यांच्या जोडीने शौच हा गुण स्वतंत्रपणे गणला आहे. हे शौच केवळ परिचारकाच्या हातापायांपुरते नाही. रुग्णाची शय्या, वस्त्रे, आसन व परिसर हे सर्व त्यात येते, असे आम्ही मानतो.

मूत्र व पुरीष यांचे धारण आणि विसर्जन हे अपानवायूचे कर्म आहे. अपान विकृत झाला की वेग कळत नाही, कळला तरी आवरत नाही. यात रुग्णाचा दोष नाही आणि त्याच्या आळसाचाही प्रश्न नाही. घरच्या मंडळींना ही गोष्ट वैद्याने स्पष्ट शब्दांत सांगणे हा चिकित्सेचाच भाग होय.

खुर्चीला वास येऊ लागला की रुग्ण लाजेने पाणी पिणे कमी करतो, असा आमचा वारंवारचा अनुभव आहे. कोकणातील एक साठीच्या पुढील गृहस्थ पक्षाघातानंतर आमच्याकडे उपचारास होते. दुपारी चारनंतर ते पाण्याचा थेंब घेत नसत. संध्याकाळी शेजारी येऊन बसत, त्यांना वास येऊ नये म्हणून. पुढे पुढे शेजाऱ्यांनी येऊ नये असेही ते सुचवू लागले. त्यांना मलावष्टंभ होता, मूत्र गडद व दाहयुक्त होते, आणि गडद मूत्राचा दर्प अधिकच तीव्र होता. वास्तविक त्यांना दररोज स्नान घातले जात असे व कपडेही स्वच्छ असत. आम्ही खुर्चीवरील गादी उचलावयास सांगितली, तेव्हा गादीचा खालचा भाग ओला आणि आसनाच्या शिवणी काळ्या पडलेल्या दिसल्या. गादी बदलली, खुर्ची नीट धुतली आणि पाणी पुन्हा सुरू केले. आठवडाभरात घरातला वास गेला. मलावष्टंभ मात्र बस्ती व आहार यांनी हळूहळू सुधारला. त्यांच्या सूनबाईंनी केलेली तक्रार आम्हास अजून आठवते : एवढी औषधे लिहून दिली, पण खुर्ची कशी धुवायची हे आजवर कोणी सांगितले नव्हते.

दुर्गंध येतो कोठून?

ताज्या मूत्राला फारसा वास नसतो. मूत्रातील युरिया या द्रव्याचे जंतूंच्या क्रियेने विघटन होऊन अमोनिया तयार होतो; तोच डोळ्यांना व नाकाला झोंबणारा दर्प. अमोनियामुळे त्वचेची स्वाभाविक किंचित आम्लता नष्ट होते, ती क्षारीय बनते, आणि त्यात मल मिसळला तर मलातील पाचक द्रव्ये त्वचेला अधिकच खातात. म्हणजे वास आणि त्वचेचा दाह या दोहोंचे मूळ एकच आहे.

मूत्र वाळल्यावर त्यातील युरिक आम्लाचे स्फटिक फोममध्ये व शिवणींत अडकून राहतात. ते साध्या पाण्यात सहज विरघळत नाहीत. म्हणूनच उन्हाळ्यात गेलेला वाटणारा वास पावसाळ्याच्या दमट हवेत पुन्हा उद्भवतो. अत्तर, उदबत्ती किंवा सुगंधी फवारा यांनी तो झाकला जातो, नाहीसा होत नाही.

खुर्चीची परीक्षा

रुग्णपरीक्षेबरोबर खुर्चीचीही परीक्षा करावी. गादी उचलून दोन्ही बाजू पाहाव्यात, आवरणाची चेन उघडून आत बोट फिरवावे, आसनाच्या शिवणी व स्क्रूंची भोके पाहावीत. पुष्कळ गोष्टी न विचारता कळतात.

डाग मागच्या कडेला असेल तर रुग्ण पुढे घसरून बसतो काय, डायपर मागे सैल पडतो काय, ते पाहावे. डाग पुढच्या बाजूस किंवा पायट्यांवर असेल तर मूत्रनलिकेची नळी, पिशवीचा चाप वा तोटी गळत असण्याचा संभव असतो. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली असावी, पण जमिनीस टेकू नये.

वारंवार थोडथोडा पातळ मल आवरणावर लागलेला दिसला तर लगेच स्तंभन औषध देऊ नये. गुदात कठीण मलाचा खडा अडकून त्याच्या बाजूने पातळ मल झिरपत असतो. अशा वेळी स्तंभनाने अवस्था बिघडते. आधी उदरपरीक्षा व आवश्यक तर गुदपरीक्षा करावी.

खुर्चीच्या पायाशी मुंग्या लागत असतील तर प्रमेहाच्या पूर्वरूपांत सांगितलेले पिपीलिकांचे लक्षण आठवावे आणि रक्तशर्करा तपासावी. मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकणारी मधुमेहाची आधुनिक औषधे चालू असतील तर रक्तातील शर्करा आटोक्यात असूनही मूत्रात ती आढळते, हे ध्यानात ठेवावे. असंयम अचानक सुरू झाला वा एकाएकी वाढला, सोबत ज्वर, दाह अथवा भ्रम असेल, तर मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची तपासणी विनाविलंब करावी.

गादी व आवरणे

स्वच्छतेचे निम्मे काम गादीच्या निवडीतच होते. उघडा फोम किंवा कापसाची गादी मूत्र शोषून घेते. मूत्र आत मुरलेला फोम घरी पूर्णपणे स्वच्छ होत नाही. तो पिळल्याने तुटतो व त्याची आधार देण्याची शक्ती जाते. अशी गादी टाकून देणेच हिताचे.

गादीस दोन आवरणे असावीत. आतील आवरण जलरोधक परंतु ताणले जाणारे असावे. बाहेरील आवरण हवा खेळणारे, काढून धुता येणारे असावे. बाहेरील आवरणे किमान दोन ठेवावीत, म्हणजे एक धुण्यात असता दुसरे वापरता येते. चेन मागच्या बाजूस व झडपेखाली असावी. ताठ प्लास्टिक थेट त्वचेखाली घालू नये. घाम साचतो आणि सुरकुत्या मांसात रुततात.

गळती वाढली की घरची माणसे डायपरवर डायपर, त्यावर घडी केलेले धोतर किंवा चादर असे थर चढवितात. प्रत्येक थराने गादीचा मऊपणा कमी होतो व बैठकीच्या हाडांवरील दाब वाढतो. योग्य मापाचा एकच डायपर वापरावा आणि तो वेळेवर बदलावा.

हवेच्या कप्प्यांची गादी धुण्यास सोपी असते. धुण्यापूर्वी झडप घट्ट बंद करावी, सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ ब्रश फिरवावा व सावलीत वाळवावी. वापरापूर्वी हवा तपासावी : रुग्ण बसलेला असता बैठकीच्या सर्वांत खालच्या हाडाखाली हात सरकवून गादीच्या तळापर्यंत सुमारे दीड ते अडीच सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे. जेलची गादी कडक उन्हात ठेवल्यास खूप तापते. ती थंड झाल्याशिवाय रुग्णाखाली देऊ नये.

स्वच्छतेचा क्रम

खुर्ची ओली झाल्याबरोबर पुढील क्रम पाळावा.

१) रुग्णास सुरक्षितपणे पलंगावर घ्यावे व प्रथम त्यास स्वच्छ करावे. खुर्चीचे ब्रेक लावावेत. विजेवर चालणारी खुर्ची असेल तर ती बंद करावी आणि तिच्यावर पाणी कधीही ओतू नये.

२) हातमोजे घालावेत. गादी काढताना तिची पुढची व वरची बाजू कोणती, हे लक्षात घ्यावे. त्यासाठी मागे खूण करून ठेवावी. धुतल्यावर गादी उलटी बसविली जाणे ही नित्याची गोष्ट आहे व त्यातून व्रण होऊ शकतो.

३) मूत्र कोरड्या फडक्याने दाबून टिपावे, घासू नये. मल प्रथम कागदाने उचलावा. डायपर फाटून त्यातील जेलसारखा लगदा पसरला असेल तर त्यावर मीठ भुरभुरावे. लगदा पाणी सोडून आक्रसतो व उचलता येतो.

४) थंड पाण्याने पुसावे. सुरुवातीलाच गरम पाणी वापरल्यास मलातील प्रथिने कापडात घट्ट बसतात.

५) सौम्य डिटर्जंटच्या पाण्याने आसन, हात, पट्टे व पायटे पुसावेत, शिवणींसाठी जुना दातांचा ब्रश वापरावा. नंतर स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसावे. साबणाचा अंश उरला तर त्वचेला खाज येते.

६) मल लागला असल्यास अथवा जंतुसंसर्ग असल्यास जंतुनाशक वापरावे. बाजारातील पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट २० मिली घेऊन त्यात पाणी घालून एकूण एक लिटर द्रावण केले की ते ०.१ टक्के होते. बाटलीवरील टक्केवारी वाचूनच माप ठरवावे. द्रावण रोज ताजे करावे, दहा मिनिटे ठेवावे आणि मग स्वच्छ पाण्याने पुसून काढावे, अन्यथा धातू गंजतो. मळ न काढता जंतुनाशक ओतल्यास त्याची शक्ती मळातच संपते.

७) पूर्ण कोरडे करावे. सकाळचे ऊन व वारा उत्तम. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवावे. ओलसर गादीवर आवरण चढवू नये.

जुना वास राहिला असल्यास एन्झाइम असलेले स्वच्छताद्रव्य उपयोगी पडते. पाळीव प्राण्यांच्या मूत्रासाठी मिळणारी अशी द्रव्येही चालतात. ते डागावर भरपूर लावून कित्येक तास ओले ठेवावे लागते. त्याच वेळी जंतुनाशक वा फार गरम पाणी वापरले तर एन्झाइम निष्क्रिय होते. कोरड्या आवरणावर खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी झाडल्यास सौम्य वास शोषला जातो.

रोज आसन, हात व चाकांच्या बाजूची ढकलण्याची कडी पुसावी, कारण त्या कड्यांवरूनच रुग्णाचा हात तोंडाकडे जातो. आठवड्यातून एकदा आवरणे धुवावीत व आसनाची खालची बाजू पाहावी. महिन्यातून एकदा पुढच्या लहान चाकांत अडकलेले केस व दोरे काढावेत, घडी घालण्याची कात्री व स्क्रू गंज व ढिलेपणासाठी तपासावेत. खुर्ची पाइपच्या जोरदार पाण्याने धुऊ नये. बेअरिंगमध्ये पाणी शिरते आणि चाके जाम होतात.

हे कटाक्षाने टाळावे

सोडियम हायपोक्लोराइट मूत्राने ओथंबलेल्या जागी ओतू नये. मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन श्वसनमार्गास घातक वायू निर्माण होतो. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर तर ते कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरिन वायू सुटतो. फिनाईल हे फरशीसाठी आहे; आसनावर लावल्यास त्वचेला दाह होतो.

आपल्या नेहमीच्या द्रव्यांविषयीही विवेक हवा. त्रिफळा क्वाथाने व्रणप्रक्षालन योग्यच, परंतु त्याने खुर्ची पुसल्यास लोखंडाशी संयोग होऊन काळे डाग पडतात. निंबक्वाथाने पुसणे हा जंतुनाशकाचा पर्याय मानू नये. अभ्यंगानंतर अंगावरील तेल टिपल्याशिवाय रुग्णास खुर्चीत बसवू नये. तेलाने रबर व रेक्झिन खराब होते, डायपरची शोषणशक्ती घटते आणि तेलकट थरावर मळ धरतो. तेल सांडले असेल तर आधी डिटर्जंटने काढावे, मगच पुढील क्रिया करावी.

धूपनाविषयी

सुश्रुताचार्यांनी व्रणितोपासनीय अध्यायात सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांचे धूपन दिवसातून दोनदा, दहा दिवस सांगितले आहे. ही परंपरा मोलाची आहे. तथापि धूपन हे स्वच्छतेनंतरचे कर्म आहे. मळ तसाच ठेवून केलेल्या धूपनाने शिवणीतील स्फटिक निघत नाहीत. शिवाय फोम व रेक्झिन ज्वालाग्राही असतात, म्हणून निखारे खुर्चीखाली ठेवू नयेत. श्वास, कास वा हृद्रोग असलेल्या रुग्णाच्या खोलीत धूर करू नये.

खुर्चीबरोबर त्वचाही

आसन स्वच्छ करताना दर वेळी त्वचा पाहण्याची सवय परिचारकास लावावी. मूत्र-मलाच्या संपर्काने झालेला दाह पसरट, अनियमित कडांचा, घड्यांत व जांघांत असतो. दाबाने होणारा व्रण बहुधा हाडाच्या उंचवट्यावर, म्हणजे त्रिकास्थी, बैठकीची हाडे वा टाचा येथे असतो. लाली बोटाने दाबल्यावर फिकी पडत नसेल तर तो दाबव्रणाचा आरंभ समजावा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तेथे उष्णता, कठीणपणा व वेदना पाहाव्यात.

त्वचा कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी करावी. शतधौत घृताचा किंवा यशदयुक्त मलमाचा अगदी पातळ थर द्यावा. जाड थराने डायपर शोषेनासा होतो. फुटलेल्या त्वचेवर कर्पूरयुक्त मलम झोंबते. शक्य असेल त्या रुग्णाने दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अथवा पुढे वा बाजूस झुकून बैठक मोकळी करावी. ज्यास शक्य नाही त्यास परिचारकाने झुकवावे. व्रण उघडा, खोल, काळा वा पूययुक्त असेल, किंवा ज्वर असेल, तर शल्यचिकित्सकाकडे पाठविण्यास विलंब करू नये.

चिकित्सालयातील खुर्ची

पंचकर्म कक्षातील चाकांची खुर्ची दिवसाकाठी अनेक रुग्ण वापरतात. मात्राबस्तीनंतर स्नेह उशिरा झिरपण्याची शक्यता धरून रुग्णास शोषक पॅड देऊनच बसवावे. प्रत्येक रुग्णानंतर आसन, हात व कडी डिटर्जंटने पुसून वर दिलेल्या द्रावणाने निर्जंतुक करावीत. कक्षात कापडी गादीऐवजी पुसता येणारे अखंड आवरण असावे. आवरण फाटले की चिकटपट्टी न लावता बदलावे. हे काम कोणी व केव्हा करावयाचे, त्याचा तक्ता भिंतीवर लावावा.

औषधी दुकानदार बंधूंस

डायपर मागण्यास येणारा माणूस बहुधा संकोचाने येतो व दुकानात गर्दी असेल तर परत जातो. त्यास बाजूला घेऊन हळू आवाजात कमरेचा घेर विचारावा. मोठे माप म्हणजे अधिक शोषण, हा समज चुकीचा आहे, मोठा डायपर मांड्यांपाशी गळतो. डायपरसोबत हातमोजे, धुता येणारे जलरोधक पॅड, यशदयुक्त मलम व एन्झाइमयुक्त द्रव्य दुकानात ठेवावे. हायपोक्लोराइट देताना ॲसिडशी मिसळू नये, ही सूचना प्रत्येक वेळी द्यावी. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून, खूण करून, इतर कचऱ्यापासून वेगळा द्यावा, हेही सांगावे. ज्यांना खुर्चीच परवडत नाही त्यांना दिव्यांगांच्या सहाय्यक साधनांसाठी १९८१ पासून चालू असलेल्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेची माहिती द्यावी. मिळालेल्या साध्या खुर्चीवर दाब कमी करणारी गादी असतेच असे नाही. तिची सोय वेगळी करावी लागते.

समारोप

परिचर्येचा हा सारा भार बहुतेक घरांत एकाच व्यक्तीवर, बहुधा पत्नी, सून किंवा मुलीवर पडतो. रात्री दोनदा उठून आवरणे बदलणाऱ्या त्या व्यक्तीस आपण केवळ सूचना देऊन थांबू नये. जास्तीचे एक आवरण घ्यावयास सांगावे, घरातील दुसऱ्या कोणास आठवड्याची साफसफाई वाटून द्यावी, आणि तिची झोप व पाठदुखी यांचीही चौकशी करावी. दुपारी पाणी पुरेसे द्यावे, झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत प्रमाण थोडे कमी करावे आणि ठरावीक वेळी मूत्रविसर्जनास बसवावे, एवढ्यानेही रात्रीची धुणी कमी होतात. हृद्रोग वा वृक्कविकार असल्यास पाण्याचे प्रमाण त्या त्या विकारानुसार ठरवावे.

वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या रुग्णपत्रकात एक ओळ वाढवावी, अशी आमची विनंती आहे : गादी उचलून पाहिली काय? पुढील भेटीस चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत ही ओळ स्वतः भरावी. खुर्ची कशी धुवावी हे तेथेच परिचारकास करून दाखवावे, आणि रुग्णाने दिवसभरात किती पाणी प्यायले, तेही विचारावे.